संघाचा कारभार : शलाकेपासून सात-बारापर्यंत

पहाटे साडेपाचला विहाराचे कुलूप कोणी उघडायचे, या एका प्रश्नावर नांदेडजवळच्या एका ध्यानवर्गाचे तीन आठवडे गेले. वर्ग सुरू झाला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सात माणसे सतरंजीवर बसत, एक निवृत्त गुरुजी आनापानाच्या सूचना देत, किल्ली त्यांच्या खिशात असे आणि मेणबत्ती-उदबत्तीचा खर्चही त्यांच्याच खिशातून होई. पुढे माणसे वाढली. रविवारी चपला ओट्यावर मावेनात. कोणी पंखे दिले, कोणी ध्वनिक्षेपक दिला, वर्षावासात भोजनदानाच्या नोंदी होऊ लागल्या. अशातच एका तरुणाने सरळ मनाने विचारले, ‘गुरुजी, आतापर्यंत किती जमा झाले?’ गुरुजींनी किल्ली समोर ठेवली आणि ते उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून वर्गाचे दोन वर्ग होण्याची चिन्हे दिसू लागली.

प्रस्तुत लेखक त्या वर्गातील एक साधक आहे आणि या निवासी शाळेचा पालकही आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा शाळेच्या आठवणींऐवजी हाच विषय मनात आला. कारण आज मराठवाड्यात गावोगावी विहार आहेत, ध्यानवर्ग वाढत आहेत आणि या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थीच उद्या त्या विहारांच्या समित्यांवर बसणार आहेत. वाढणाऱ्या समूहाचा कारभार सर्वांनी मिळून कसा करावा, याचे उत्तर आपण सहसा संस्थेच्या छापील नियमावलीत शोधतो. ते फार आधी विनयपिटकात दिलेले आहे, हे आपल्या लक्षात राहत नाही.

बाबासाहेबांच्या मात्र ते पक्के लक्षात होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की, संसदीय कार्यपद्धती भारताला परकी नव्हती. भिक्खुसंघ ही संसदच होती. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, हे सारे नियम संघाला ठाऊक होते आणि संघ ते पाळत होता. त्याच भाषणात त्यांनी थोर पुरुषांच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहण्याविरुद्धही इशारा दिला. त्या भाषणातील पहिला भाग आपण सभांमधून आनंदाने सांगतो आणि दुसरा भाग सोयीने विसरतो, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

संघात एखादा निर्णय प्रत्यक्षात कसा होत असे, ते पाहू. सीमेच्या आत असलेले सर्व भिक्खू एकत्र येत. जो आजारी असेल तो दुसऱ्या भिक्खूच्या मुखाने आपली संमती पाठवी. तिला ‘छंद’ म्हणत. मग एक जाणता भिक्खू प्रस्ताव मांडी, ती ‘ञत्ति’. साध्या कामात ञत्तिनंतर एकदा आणि उपसंपदेसारख्या मोठ्या कामात तीनदा विचारले जाई : ज्यांना मान्य आहे त्यांनी मौन राहावे, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावे. मौन म्हणजे संमती. आपल्याकडे सभेत मौन राहून नंतर पारावर बोलण्याची जी पद्धत आहे तिला विनयात स्थान नाही. तीनदा विचारल्यावरही जो बोलला नाही, त्याने मान्यता दिली, असा हिशेब होता. गणपूर्ती कामानुसार ठरलेली होती. बहुतेक कामांना चार भिक्खू पुरत, मध्यदेशात उपसंपदा देण्यास दहा लागत आणि गंभीर दोषातून मुक्त झालेल्याला परत घेण्यास वीस. म्हणजे एखाद्याला दुरावलेल्या अवस्थेतून पुन्हा आत घ्यायचे असेल, तर सर्वांत मोठी सभा हवी. यातील शहाणपण समित्यांवर काम केलेल्यांना सांगायला नको.

मतभेद मिटलाच नाही तर शलाका वाटून बहुमत घेतले जाई. शलाका म्हणजे लाकडी काडी. ती वाटण्याच्या तीन रीती होत्या : गुप्तपणे, कानात सांगून आणि उघडपणे. फार गुंतागुंतीचा वाद निवडक जाणत्यांच्या समितीकडे सोपवला जाई. तिला ‘उब्बाहिका’ असे नाव होते. महापरिनिर्वाणानंतर सुमारे १०० वर्षांनी वैशालीत दहा गोष्टींवरून मोठा वाद झाला. त्यातली एक गोष्ट सोन्या-चांदीच्या दानाची होती. उपोसथाच्या दिवशी वैशालीचे भिक्खू पाण्याने भरलेले पात्र मांडून उपासकांकडून नाणी घेत, आणि यश नावाच्या स्थविरांनी त्याला हरकत घेतली. सभेत गलबला होऊन काहीच ठरेना, तेव्हा पूर्वेकडचे चार आणि पश्चिमेकडचे चार अशा आठ स्थविरांची समिती नेमली गेली. दुसरी संगीती म्हणून आपण जी पाठ करतो, ती मुळात देणगीच्या पैशाच्या वादातून उभी राहिलेली सभा आहे. आमच्या वर्गातील तरुणाचा प्रश्न त्या मानाने फारच सौम्य होता.

आता आपल्या मातीतली एक गोष्ट. महावग्गात सोण कुटिकण्ण नावाच्या तरुणाची कथा येते. तो अवंती-दक्षिणापथाचा. महाकात्यायनांकडे त्याने प्रव्रज्या मागितली. परंतु त्या भागात भिक्खू इतके थोडे होते की उपसंपदेसाठी दहा जण जमवायला तीन वर्षे लागली. पुढे सोण भगवंतांच्या भेटीला निघाला तेव्हा महाकात्यायनांनी त्याच्याबरोबर काही विनंत्या पाठवल्या. आमच्याकडे दहा भिक्खू मिळत नाहीत, तेव्हा कमी संख्येने उपसंपदा देऊ द्यावी. आमच्याकडची जमीन वरून काळी आहे, कठीण आहे, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, तेव्हा जाड तळाच्या वहाणा वापरू द्याव्यात. लोकांना स्नानाचे महत्त्व फार, तेव्हा वारंवार स्नानास अनुमती असावी. भगवंतांनी विनंत्या मान्य केल्या. सीमावर्ती जनपदांत विनयधरासह पाच जणांच्या संघाने उपसंपदा द्यावी असा नियम झाला.

उन्हाळ्यात वाळून टणक झालेल्या काळ्या रानातून जो अनवाणी चालला आहे, त्याला ही विनंती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मुद्दा असा की, धम्म वाढत वाढत दक्षिणेकडे आला तेव्हा केंद्रातून आलेला नियम येथील जमिनीवर टोचू लागला. महाकात्यायनांनी तो गुपचूप मोडला नाही आणि त्याच्यापायी कामही थांबवले नाही. त्यांनी तो बदलून मागितला. बदल मिळाला तोही सरसकट नव्हता. संख्या दहावरून पाचवर आली, पण त्या पाचांत नियम जाणणारा एक असलाच पाहिजे ही अट राहिली. माणसे कमी असतील तर चालेल, जाणकार कमी असून चालणार नाही.

पदाधिकारी नेमण्याचीही रीत होती. भोजनाची वाटणी करणारा, शयनासनांची व्यवस्था पाहणारा, चीवरे स्वीकारणारा, भांडार सांभाळणारा, शलाका वाटणारा, असे प्रत्येक कामाला वेगळे माणूस संघ ञत्ति मांडून नेमी. पात्रतेची कसोटी एकच होती : तो छंद, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींना जाणारा नसावा आणि आपल्या कामातले काय झाले, काय नाही हे त्याला कळत असावे. (येथे ‘छंद’ म्हणजे पक्षपाती आवड, तोच शब्द वर संमतीसाठी आला आहे. भाषेची ही गंमत सभेतही अनुभवास येते.) वय, घराणे, देणगीची रक्कम यांचा त्या यादीत उल्लेख नाही. शिवाय सारी कामे एकाकडे नाहीत. 

असे प्रामाणिकपणे नेमलेल्या माणसाच्या वाट्याला काय येऊ शकते, हेही विनयाने लपवलेले नाही. दब्ब मल्लपुत्र हे निवास आणि भोजन यांची वाटणी करीत. मेत्तिय आणि भुम्मजक या दोन भिक्खूंच्या वाट्याला एकदा चांगल्या घरी हलके जेवण आले. त्यात दब्बांचा काही हात नव्हता. घरमालकानेच तसे वाढायला सांगितले होते. पण त्या दोघांनी डूख धरला आणि एका भिक्खुणीकरवी दब्बांवर चारित्र्याचा खोटा आरोप घातला. संघाने आरोप दडपला नाही आणि ऐकताच खराही मानला नाही. चौकशी झाली, आरोप करवणारे उघडे पडले, आणि दब्बांना ‘सतिविनय’ देण्यात आला. ज्याची स्मृती, म्हणजे जागरूकता, पूर्ण आहे त्याला त्या जागरूकतेच्या आधाराने निर्दोष ठरवणे असा त्याचा अर्थ. ‘सति’ हा शब्द आज ध्यानवर्गात श्वासाशी जोडूनच आपण ऐकतो. विनयात तो सभेतल्या न्यायाशीही जोडलेला आहे. आसनावर बसल्यावरची सति आणि हिशेबाच्या वहीसमोरची सति या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे तथागतांनी कोठे सांगितलेले नाही.

संपत्तीचा प्रश्न सर्वांत नाजूक. विनयानुसार आराम, विहार, त्यांची जमीन, मोठी भांडी-अवजारे ही ‘गरुभांड’ ठरतात. ती कोणा भिक्खूला, गटाला, खुद्द त्या ठिकाणच्या संघालाही कोणाला देऊन टाकता येत नाहीत किंवा आपसात वाटून घेता येत नाहीत. ती ‘चातुर्दिश’ संघाची, म्हणजे चारी दिशांच्या, आलेल्या आणि अजून न आलेल्या संघाची असतात. हे केवळ ग्रंथात नाही, आपल्या महाराष्ट्राच्या दगडात कोरलेले आहे. नाशिकच्या लेणी क्रमांक १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. त्याने लेणे चातुर्दिश संघाला दिले आणि सोबत ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली : २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० वर शेकडा एकने महिन्याला २०, वर्षाला २४० कार्षापण होतात. वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत असे लेखात आहे. गुणाकार करून पाहावा; एका कार्षापणाचाही फरक नाही. हे सारे निगमसभेत वाचून दाखवून नोंदवले गेले, असेही त्यात म्हटले आहे. दान, त्याचा हेतू, व्याजाचा दर, खर्चाची बाब आणि सार्वजनिक नोंद, सर्व काही भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असे.

आणि आपल्याकडे? एका गावात कोणा भल्या माणसाने आपल्या शेतातले दोन गुंठे विहारासाठी तोंडी दिले. लोकांनी वर्गणी काढून स्लॅब टाकला, मूर्ती बसवली. सात-बारावर नाव त्याचेच राहिले. तो गेला, वारस लागले, आणि ज्याच्या आजोबांनी जागा दिली तोच नातू विहाराला कुलूप लावून उभा राहिला. हे पाहिलेले आहे. गावाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण वाचकांपैकी अनेकांना ते आपलेच गाव वाटेल. विहार गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर कोणाचे नाव आहे ते पाहावे, शेतात असेल तर सात-बारा पाहावा. तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्याची नोंद अवघड होते हे खरे. पण दाता हयात असतानाच बक्षीसपत्राची खटपट केलेली बरी. विश्वस्त संस्था नोंदलेली असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तसे कळवावे लागते. कार्यालयात त्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. परिशिष्टावर दिवंगत माणसांचीच नावे असलेल्या संस्था आपल्याकडे कमी नाहीत. संस्थेची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ‘गरुभांड’ या जुन्या कल्पनेचे हे आजचे सरकारी रूप समजावे.

आधुनिक काळात महाराष्ट्रात वाढलेल्या ध्यानसमूहांनी हा प्रश्न कसा हाताळला, तेही पाहण्याजोगे आहे. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झाले. तेथे शिकवणारे आचार्य मानधन घेत नाहीत, शिबिराचे शुल्क नाही आणि ज्याने किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच दान स्वीकारले जाते. व्यवस्था विश्वस्तांकडे आणि साधनेचे मार्गदर्शन आचार्यांकडे अशी विभागणी आहे. संघरक्षितांनी १९६८ मध्ये लंडनमध्ये स्थापलेला संघ, आज त्रिरत्न बौद्ध महासंघ, १९७० च्या दशकाअखेरीस लोकमित्रांच्या प्रयत्नाने पुण्यात रुजला. तेथील धम्मचारी-धम्मचारिणी भिक्खू नाहीत आणि नुसते वर्गणीदार सभासदही नाहीत. दीक्षा घेऊन कारभाराचे ओझे उचलणारे लोक आहेत. २००० साली संघरक्षितांनी आपली प्रमुखपदाची जबाबदारी कोणा एका उत्तराधिकाऱ्याला न देता उपाध्यायांच्या मंडळाकडे सोपवली. व्हिएतनामचे थिक न्यात हान्ह यांनीही फ्रान्समधील आपला समूह संघाच्याच हाती ठेवला. परंपरा वेगळ्या, पण वळण एकच दिसते. संस्थापकाच्या मागे दुसरा संस्थापक शोधायचा नाही.

या वळणाचा उगमही जुनाच आहे. भगवंतांच्या पश्चात मगधाचा महामात्र वस्सकार याने आनंदांना विचारले की, भगवंतांनी आपल्या जागी कोणाला नेमले आहे काय, किंवा संघाने तरी कोणाला निवडले आहे काय? आनंदांनी दोन्हींना नकार दिला. मग एकी कशी टिकते, या प्रश्नावर त्यांचे उत्तर असे की आम्ही निराधार नाही, धम्म आमचा आधार आहे. दर उपोसथाला एका क्षेत्रातले सर्व भिक्खू एकत्र जमतो, पातिमोक्ख म्हणतो आणि ज्याचे चुकले त्याला नियमाप्रमाणे वागवतो. राज्यकारभार जाणणाऱ्या त्या ब्राह्मण मंत्र्याला यात शासनाची एक पद्धत दिसली असावी.

अर्थात सभा घेतली की सारे सुरळीत होते, असे नाही. कौशांबीला भिक्खूंचे दोन तट पडले, त्यांनी भगवंतांचेही ऐकले नाही आणि भगवंत एकटेच पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. वाद मिटवला तो उपासकांनी. कौशांबीच्या लोकांनी ठरवले की, या भिक्खूंना वंदन करायचे नाही, भिक्षाही घालायची नाही. थोड्याच दिवसांत दोन्ही पक्ष श्रावस्तीला जाऊन भगवंतांपुढे उभे राहिले. पालक आणि वर्गणीदार मंडळींनी ही कथा ध्यानात ठेवावी. दान देणे हा जसा कारभारातला सहभाग आहे, तसे वेळप्रसंगी हात आखडणे हाही आहे. मात्र कौशांबीच्या उपासकांनी दोन्ही तटांना सारखेच वागवले होते. आपण एका तटाला जेवू घालतो आणि दुसऱ्याला बोल लावतो, तेथे घोटाळा होतो.

आमच्या वर्गाचे पुढे काय झाले ते सांगतो. गुरुजींच्या घरी जाऊन त्यांना परत आणणारे कोणी पुढारी नव्हते. विहार झाडणाऱ्या, रांगोळी घालणाऱ्या आणि वर्षानुवर्षे खीर शिजवणाऱ्या महिला होत्या. त्यांनी गुरुजींना एवढेच सांगितले, ‘गुरुजी, पोराने तुमचा नाही, पैशाचा हिशेब विचारला.’ पौर्णिमेला सभा झाली. तेव्हा लक्षात आले की उपस्थितांत महिला अर्ध्याहून अधिक आणि बँकेच्या खात्यावर सही करणारी मात्र एकही नाही. त्या सभेत हे बदलले. तीन सह्यांपैकी दोन महिलांच्या झाल्या. हिशेब दर पौर्णिमेला वंदनेनंतर मोठ्याने वाचायचा आणि त्याचा कागद दाराच्या आत चिकटवायचा असे ठरले. गुरुजी ध्यान शिकवतील, पैशाला हात लावणार नाहीत. ही सूचना त्यांनीच केली आणि ती करताना त्यांचा आवाज किंचित कापला, हे सर्वांनी ऐकले. जे आजारपणामुळे वा ऊसतोडीला गेल्यामुळे येऊ शकत नाहीत त्यांचा निरोप शेजाऱ्याने सभेत सांगायचा, हेही मान्य झाले. ‘छंद’ हा शब्द त्या दिवशी प्रथमच अनेकांच्या कानी पडला.

सगळे जमले असे नाही. मुदत दोन वर्षांची की तीन, यावर एकमत झाले नाही. एक जुने सभासद रागावून गेले ते अजून आलेले नाहीत. त्यांच्याकडे जाणे चालू आहे. शेजारच्या वस्तीत दुसरा वर्ग सुरू करायचा आहे, त्याचा कारभार त्या वस्तीनेच पाहावा की आम्ही, यावर दोन मते आहेत. विनयातील सीमा जास्तीत जास्त तीन योजनांची आणि सीमेतला संघ आपले निर्णय आपण घेणारा, हे वाचून दाखवल्यावर बहुतेकांचा कल पहिल्या बाजूला झुकला आहे.

कुलपाच्या किल्ल्या आता तीन आहेत. एक गुरुजींकडे, एक खिरीचे पातेले सांभाळणाऱ्या आक्कांकडे आणि तिसरी हिशेब विचारणाऱ्या त्या तरुणाकडे. तो पहाटे सव्वापाचला येतो. पुढची सभा आषाढ पौर्णिमेला आहे आणि विषयपत्रिकेवर पहिला विषय विहाराच्या जागेचा सात-बारा हा आहे.